विजेची गाडी घ्यावी म्हणतोय, पण घरात एकमत होत नाही. वापरणाऱ्यांनी सांगा

पायवाट:

नमस्कार मंडळी,

आमची पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली. आता तिच्या दुरुस्तीवर आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही, म्हणून नवीन घ्यायचं ठरलं आणि तिथूनच वाद सुरू झाला. मला आणि बायकोला विजेची हवी आहे. बाबांना मुळीच नको. बाबा ७१ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः गाडी चालवली, इंजिनाच्या आवाजावरून काय बिघडलंय ते ओळखायचे. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही.

आमचा वापर असा आहे: रोज जाऊन-येऊन ५४ किलोमीटर. वर्षातून दोनदा भावाकडे, एका बाजूने ४२० किलोमीटर, वाटेत १२ किलोमीटरचा घाट. गाडी लावायची जागा आमच्या हक्काची आहे आणि मीटरची खोली तिथून वीस पावलांवर आहे.

अडचण ही की ज्याला विचारावं तो ठाम बोलतो, आणि बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी अशी गाडी कधी चालवलेलीच नसते. मेव्हणा म्हणतो, पाच वर्षांत बॅटरी टाकून द्यावी लागते. ऑफिसातला मित्र म्हणतो, पावसात शॉक बसतो. शेजारच्या काकूंनी मोबाइलवर गाडी पेटल्याचा व्हिडिओ आणून दाखवला. जाहिराती पाहाव्यात तर त्यांत सगळंच गोड.

ज्यांनी दोन-तीन वर्षं तरी स्वतः वापरली आहे त्यांनी सांगा. रोजच्या दिवसात काय बदललं, काय खुपलं, आणि लोकांचं बोलणं कितपत खरं निघालं?

चाफेकळी:

पायवाट, सविस्तर लिहिते, कारण चार वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होते आणि मला नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

माझी गाडी मधल्या आकाराची आहे, बॅटरी ४० युनिटची. चार वर्षांत ७१,००० किलोमीटर झाले. पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे: किती युनिट भरले, किती किलोमीटर गेले, हवा कशी होती. त्या वहीच्या भरवशावर लिहिते आहे.

आधी रोजचं. एका युनिटमध्ये माझी गाडी साडेसहा ते सात किलोमीटर जाते. म्हणजे तुमच्या ५४ किलोमीटरला आठ युनिट. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट मिळतात, भरताना थोडे वाया जातात ते धरूनही तीन-सव्वातीन तासांत तुमचा दिवस भरून निघतो. तुम्ही झोपलेले असताना. ही गोष्ट न वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण डोक्यात पेट्रोल पंप असतो. टाकी रिकामी होईपर्यंत चालवायची, मग पंपावर जाऊन भरायची, हे इतकं अंगवळणी पडलंय की पहिला प्रश्न तोच येतो: भरायला किती वेळ लागतो? रोजच्या वापरात माझा वेळ म्हणाल तर रात्री प्लग लावायला दहा सेकंद आणि सकाळी काढायला दहा. बाकी वेळ गाडीचा.

दुसरा हिशेब मी सासऱ्यांना समजावला होता, तोच तुमच्या बाबांना सांगा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे माझी अख्खी बॅटरी म्हणजे जेमतेम साडेचार लिटर पेट्रोल. तेवढ्यावर ती २६० किलोमीटर जाते. पेट्रोलच्या गाडीत जळलेल्या इंधनातली वीस-तीस टक्के ऊर्जाच चाकांपर्यंत पोचते, उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. इंजिनाला हात लावला की चटका बसतो तो त्याचाच. सासरे हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपण इतकी वर्षं हवाच तापवत होतो." त्या दिवसानंतर त्यांनी गाडीबद्दल वाकडं बोलणं सोडलं.

घाटाचं विचारलंत. माझ्याही वाटेवर जवळपास तेवढाच घाट आहे, सुमारे ६०० मीटर चढ. चढताना बॅटरीतले ११ टक्के जातात. उतरताना पाय उचलला की मोटरच जनित्र होते, गाडी आवरली जाते आणि बॅटरी भरते. खाली पोचेपर्यंत ३ टक्के परत आलेले असतात. चढताना गेलेलं सगळं परत मिळतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला त्या तीन टक्क्यांहून मोठा वाटतो तो ब्रेकचा फायदा. पूर्वी त्या उतारावर खाली आल्यावर ब्रेक लायनिंगचा जळका वास यायचा. आता अख्ख्या उतारात ब्रेकवर पाय पाच-सहा वेळा पडतो. एक मात्र ध्यानात ठेवा: बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर आलेली वीज ठेवायला जागा नसते, आणि उतारावर गाडी नेहमीसारखी आवरली जात नाही. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर शंभर टक्के भरून निघू नका.

आता खुपलेल्या गोष्टी, कारण त्या तुम्हाला जाहिरातीत मिळणार नाहीत.

पहिल्या वर्षी आईला घेऊन लांब निघाले होते. ठरवलेल्या चार्जिंग स्टेशनवर पोचले तेव्हा १४ टक्के उरले होते. यंत्राचा पडदा काळा, केबल व्यवस्थित गुंडाळून लटकवलेली, आजूबाजूला चिटपाखरू नाही. ॲपमध्ये ते यंत्र हिरवं दिसत होतं, चालू म्हणून. दिलेल्या नंबरवर फोन केला, वाट पाहा म्हणाले, कुणी आलं नाही. पुढचं स्टेशन २३ किलोमीटरवर. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि ताशी ५० च्या वेगाने गेले. आई सगळा वेळ आकड्याकडे बघत होती, एक शब्द बोलली नाही. पोचलो तेव्हा ६ टक्के होते. गाडीने काहीच दगा दिला नव्हता, पण ती पंचवीस-तीस मिनिटं मी विसरलेले नाही. तेव्हापासून कुठल्याही स्टेशनवर २५ टक्क्यांच्या आत पोचायचं नाही आणि जवळचं दुसरं ठिकाण आधीच पाहून ठेवायचं, हा माझा नियम आहे. त्या नियमाने नंतर कधी तशी वेळ आली नाही. तरी सांगते, लांबच्या प्रवासात आजही सगळ्यात कच्चा दुवा गाडी नाही, रस्त्यावरची ती यंत्रं आहेत.

तुमचे ४२० किलोमीटर माझ्या गाडीने करायचे तर दोनदा थांबावं लागेल. जलद चार्जरवर २० ते ८० टक्के मला पाऊण तास लागतो. त्यानंतरचे २० टक्के जवळजवळ तेवढाच वेळ खातात. कळशी गळ्याशी आली की नळ बारीक करावा लागतो, तसंच आहे हे. भरत आलेल्या सेलमध्ये जोराने वीज ढकलली तर बॅटरीतलं लिथियम इलेक्ट्रोडमध्ये (सेलच्या आतल्या पट्टीत) नीट सामावत नाही, तिच्यावर धातू होऊन साचतं आणि सेल खराब होतो. म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. ८० ला काढा आणि निघा. मोठ्या बॅटरीची गाडी घेतलीत तर एका थांब्यात जमेल. आणि वेग. ताशी ८० ने मला युनिटला साडेसहाच्या वर मिळतात, ११० ने पाचही मिळत नाहीत. पेट्रोलच्या गाडीतही वाऱ्याचा विरोध तसाच वाढतो, पण तिथे तो डोळ्यांसमोर आकड्यात दिसत नसतो.

टायर ३८,००० किलोमीटरला बदलावे लागले. बॅटरीमुळे गाडी जड असते आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. हे मला घेताना कुणी सांगितलं नाही. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच हे सगळं मात्र सर्व्हिसिंगच्या यादीतून कायमचं गेलं.

बॅटरीचं म्हणाल तर गेल्या सर्व्हिसिंगला तपासली तेव्हा नवीन असतानाच्या ९१ टक्के ताकद होती. पुष्कळ कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्क्यांची हमी देतात. "पाच वर्षांत टाकून द्यावी लागते" हे मेव्हण्यांनी मोबाइलच्या बॅटरीवरून धरलेलं असणार. मोबाइलची आपण रोज पूर्ण रिकामी करतो, पूर्ण भरतो, आणि ती गार ठेवायला कुणी नसतं. गाडीत बहुतेक ठिकाणी बॅटरी गार ठेवायची सोय असते आणि प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. उष्णता आणि दिवसेंदिवस पूर्ण भरून ठेवणं, या दोन गोष्टी टाळल्या की पुष्कळ झालं.

शेवटी लोकांच्या बोलण्याबद्दल एक प्रसंग सांगते, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी गाडी उघडेना. रिमोट दाबला, काही नाही. किल्लीच्या आत लपवलेली धातूची छोटी किल्ली काढली, दार उघडलं, आत सगळं अंधारात. रात्री पाहिलं तेव्हा ८० टक्के चार्ज होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून म्हणाले, "बघा, सांगितलं होतं ना, विजेच्या गाड्यांचं काही खरं नाही." खाली आणखी दोघं जमले, मान डोलवून गेले. बिघाड काय होता? प्रत्येक पेट्रोल गाडीत असते तीच १२ व्होल्टची साधी बॅटरी गेली होती. दिवे, दारं, संगणक तिच्यावर चालतात, आणि मोठ्या बॅटरीचा मार्ग उघडणारा रिलेही तिच्यावरच चालतो. ती गेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही झोपलेली राहते. दुसऱ्या गाडीवरून केबल जोडली, दोन मिनिटांत जागी झाली, दुपारी नवीन बसवली. त्याच महिन्यात काकांच्या स्वतःच्या गाडीची बॅटरी उतरली होती. तेव्हा सगळे म्हणाले, "बॅटरी उतरली." माझ्या वेळी म्हणाले, "विजेची गाडी बंद पडली." बिघाड तोच, पण काकांच्या वेळी तो बॅटरीच्या नावावर गेला आणि माझ्या वेळी अख्ख्या गाडीच्या. मला त्याचा फार त्रास झाला. माझ्यामुळे चार माणसांचं मत आणखी घट्ट झालं असं वाटत राहिलं. म्हणून संध्याकाळी काकांना खाली बोलावून बॉनेट उघडून ती बॅटरी दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली.

तुमचा दोन-तीन वर्षांचा निकष मी पुरा करते, तेव्हा स्पष्ट सांगते: हक्काची जागा आणि जवळ मीटर असेल तर घ्या.

चौथा मजला:

चाफेकळी यांचा प्रतिसाद प्रामाणिक आहे, पण शेवटच्या वाक्यातल्या "असेल तर" कडे सगळ्यांनी लक्ष द्यावं. माझ्याकडे ते नाही. मी भाड्याने राहतो, गाडी रस्त्यावर जिथे मिळेल तिथे लावतो. दीड वर्ष विजेची गाडी वापरली, प्रत्येक चार्जिंग बाहेर. आठवड्यातून दोनदा रात्री जेवण झाल्यावर गाडी घेऊन जायचं, रांगेत थांबायचं, तासभर मोबाइल बघत बसायचं. गाडी चालवायला सुंदर होती, मुलीला तिचा शांतपणा फार आवडायचा. तरी विकली. इमारतीच्या समितीकडे तीन अर्ज दिले होते, प्रत्येक वेळी "बघू" एवढंच उत्तर. ज्यांच्याकडे स्वतःची जागा नाही त्यांच्यासाठी ही गाडी अजून नाही, आणि हे उघडपणे बोललं जात नाही याचा मला राग येतो.

जुना पाना:

माझं गॅरेज आहे, २६ वर्षं हात काळे करतोय. विजेच्या गाड्या आता आठवड्याला दोन-तीन येतात. पायवाट यांच्या बाबांच्या बाजूने थोडं बोलतो, आणि थोडं विरुद्ध.

येतात कशासाठी? टायर, सस्पेन्शनचे आर्म, बुश, व्हील अलाइनमेंट, एसी. वजनामुळे खालचं काम जास्त निघतं. आणखी एक जे ऐकून लोकांना नवल वाटतं: ब्रेकच्या डिस्क गंजतात. मोटरच गाडी आवरते, ब्रेक वापरलाच जात नाही, पॅड डिस्कला घासतच नाही, मग ओलाव्याने गंज धरतो. अशा गिऱ्हाइकांना मी सांगतो, आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, चार-पाच वेळा ब्रेक दाबून घ्या.

पावसात शॉक बसतो हे खरं नाही. मोठ्या बॅटरीची दोन्ही टोकं गाडीच्या सांगाड्यापासून वेगळी ठेवलेली असतात आणि कुठे गळती वाटली तर गाडी इशारा देते किंवा रिले सोडून बॅटरी तोडते. पुष्कळ बॅटरी-पेट्यांना आयपी ६७ दर्जा असतो, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहून आत पाणी जाऊ नये. पण म्हणून पुराच्या पाण्यात घालू नका. पाण्यात उभी राहिलेली गाडी, पेट्रोलची असो की विजेची, चालू करून बघायची नाही, टो करून आणायची. आणि बॉनेटखाली नारिंगी केबल दिसतील. त्यांतून चारशे व्होल्टच्या आसपास वीज जाते. हौस म्हणून हात घालायचा नाही. मी स्वतः प्रशिक्षण घेऊन, हातमोजे घालून, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा मार्ग तोडणारा खटका) काढून, मीटरने तपासल्याशिवाय शिवत नाही.

आगीबद्दल: पेट्रोल गाड्या जास्त पेटतात, आम्ही आयुष्यभर बघत आलोय, त्यांचे व्हिडिओ कुणी पाठवत नाही. पण विजेची पेटली तर विझवणं अवघड असतं हे मान्य करायला हवं. एक सेल तापला की शेजारचा तापतो, पाणी फार लागतं, विझली वाटून पुन्हा पेटू शकते. खालून जोराचा मार बसला असेल तर गाडी घराखाली लावू नका, आधी दाखवा.

माझी तक्रार वेगळी आहे. बॅटरीच्या पेटीत शेकडो सेल असतात, खराब होतात त्यातले मूठभर, आणि बऱ्याच ठिकाणी अख्खी पेटी बदला म्हणतात. सुटे भाग बाहेर मिळत नाहीत, माहिती देत नाहीत. बाबांना "आवाजावरून कळायचं" म्हणता ना, त्यांचा राग मला कळतो. ज्या वस्तूला आपण उघडू शकत नाही ती आपली वाटत नाही. घेताना विचारा: बॅटरीतला एखादा मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, सुटा बदलतात का? लेखी घ्या.

धूळपाटी:

"ही नवी टूम आहे, टिकणार नाही" असं कुणी म्हणालं तर त्यांना जुनी गोष्ट सांगा. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटरगाडी विजेची होती. २९ एप्रिल १८९९, पॅरिसजवळ, कामीय जेनात्झी नावाचा बेल्जियन चालक, वेग १०५.८८ किलोमीटर. त्या काळी अमेरिकेत वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या अशा तिन्ही गाड्या शेजारी शेजारी धावत होत्या. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन हाताने दांडा फिरवून चालू करावं लागे, उलटा झटका बसून मनगट मोडे. म्हणून विजेच्या गाडीवर "बायकांची गाडी" असा शिक्का बसला. पेट्रोलच्या गाड्या बनवणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची विजेची गाडी चालवायची. मग चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि पेट्रोलच्या गाडीची ती अडचण संपली. विजेच्या गाडीला मागे टाकलं ते एका छोट्या विजेच्या मोटरने, हे मला फार हृद्य वाटतं. पेट्रोल स्वस्त झालं, रस्ते लांबले, आणि शिशाच्या जड बॅटऱ्यांना ते अंतर झेपलं नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली तेव्हा परिस्थिती पालटायला सुरुवात झाली. त्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

थंडीत चालत नाही असंही सांगणारे भेटतील. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्ण विजेच्या होत्या. थंडीत रेंज कमी होते हे खरं, पण लोक चालवतात.

पायवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण धागा छापून बाबांना दिला. चष्मा लावून दोन दिवस वाचत होते, पेनाने खुणा केल्या आहेत.

त्यांचे दोन प्रश्न आहेत. पहिला: आपल्या सॉकेटमध्ये येणारी वीज कोळशावर होत असेल तर धूर नुसता इथून तिथे हलवला, त्यात काय मिळवलं? दुसरा त्यांनी आधी कधी बोलून दाखवला नव्हता. म्हणाले, "मला आता ऐकू कमी येतं. गल्लीत चालताना गाडी मागून आली की इंजिनामुळे कळतं. ही आलेली मला कळणार नाही. मला तिच्यात बसायची भीती नाही, तिच्यासमोर चालायची आहे." मी गप्पच झालो. इतके दिवस मी रेंज आणि बॅटरीवर वाद घालत होतो.

चाफेकळी:

बाबांचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो अगदी खरा आहे. मीही सुरुवातीला एका आजींना असंच दचकवलं होतं. हळू जात होते, त्या मागे वळल्या आणि एकदम गाडी दिसली. त्यांचा हात छातीवर गेला तो मला अजून दिसतो. वेग जास्त असला की टायरचाच आवाज पुरेसा येतो. धोका असतो तो हळू चालताना. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत याची वेगळी तरतूद आहे: कमी वेगात, साधारण ताशी २० किलोमीटरपर्यंत, गाडीने स्वतः आवाज करायचा. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीत ही सोय सक्तीची आहे. तुम्ही जी गाडी बघताय तिच्यात आहे का, हे बाबांना गाडीबाहेर उभं करून तपासा. त्यांना पाठमोरे उभे राहू द्या, तुम्ही मागून हळू या, आणि कधी कळलं ते त्यांनाच सांगू दे. ऐकू येत नसेल तर ती गाडी घेऊ नका, दुसरी बघा. मी आता गल्लीत माणसाच्या मागे असले की चालण्याच्याच वेगाने राहते, आणि हॉर्न न वाजवता काच खाली करून "येते हं" म्हणते.

कोळशाचं: बाबांचं निम्मं बरोबर आहे. बॅटरी बनवताना प्रदूषण जास्त होतं, त्यामुळे नवीन विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा मागून सुरुवात करते आणि चालता चालता ती तूट भरून काढते. वीज कोळशाची असेल तर भरायला जास्त किलोमीटर लागतात, पाणी-वारा-सूर्याची असेल तर लवकर. पण पेट्रोलची गाडी घेतली तशीच राहते, उलट जुनी होताना आणखी धूर ओकते. विजेची गाडी जागच्या जागी सुधारते, वीज स्वच्छ झाली की तीही होते. शिवाय सिग्नलला थांबलेल्या शाळेच्या मुलाच्या नाकासमोर धूर न सोडणं, हा फायदा पहिल्या दिवसापासून मिळतो. आणखी एक गोष्ट बाबांपासून लपवू नका. पुष्कळ बॅटऱ्यांत कोबाल्ट नावाचा धातू लागतो; जगातलं बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतं आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलंही राबतात. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट नसतं, ती तापायलाही अवघड आणि टिकायलाही चांगली. त्याच आकाराच्या पेटीत थोडी कमी वीज मावते, पण रोजच्या ५४ किलोमीटरला तिची उणीव भासणार नाही. मी आज घेतली असती तर तीच घेतली असती.

चौथा मजला, तुमचं वाचून मन खट्टू झालं. माझ्या इमारतीत समितीला पटवायला मला एक गोष्ट उपयोगी पडली: माझी तार माझ्याच मीटरवरून, माझ्या खर्चाने, इतरांच्या विजेला हात न लावता, असं लिहून आणि नकाशा काढून दिलं. भाड्याच्या घरात ते सोपं नाही, हे कळतं.

पायवाट:

बाबांना उभं करून पाहिलं. पहिल्या गाडीचा आवाज त्यांना चार पावलांवर आल्यावर कळला. दुसरीचा दहा-बारा पावलांवरून, आणि ती फॉस्फेट बॅटरीवाली आहे. मागे घेताना ती वेगळा, थोडा उंच सूर काढते, तो त्यांना सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो. तीन वेळा मागे-पुढे करायला लावलं. नंतर आत बसले, पण भावाकडे जाताना ते बसनेच येणार आहेत, त्यावर ठाम आहेत. मी आग्रह केला नाही.

मीटरच्या खोलीपासून जागेपर्यंतचं अंतर त्यांनी स्वतः टेपने मोजलं, १४ मीटर. तार किती जाडीची लागेल?

चाफेकळी:

१४ मीटरला, १६ अँपिअर रात्रभर सलग जाणार असेल तर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या, त्याहून बारीक नको. स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखणारा ब्रेकर हवाच. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून मोजून घ्या, नुसतं "आहे" म्हणाला तर ऐकू नका. सॉकेट औद्योगिक प्रकारचं, झाकणवालं घ्या; घरगुती सॉकेट सहा महिन्यांत आतून वितळलेलं मी पाहिलंय. उंची बाबांच्या हाताला वाकल्याशिवाय पोचेल एवढी ठेवा. आणि पहिल्या रात्री चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने सॉकेटला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, गरम लागलं तर लगेच बंद करा.